टेकडी आणि क्रीडांगण



शहरातील टेकड्या, माळ, ओढ्याकाठची राने आणि पाणथळी सपाट करून तेथे क्रीडांगणे करावीत की करू नयेत, हा आजचा आमचा विषय आहे. विषय ऐकून कोणाला तो किरकोळ वाटेल. पाणी, घरे, रस्ते असे मोठे प्रश्न समोर असताना टेकडीवर गवत असावे की मैदान असावे याची काय मोठी चर्चा करायची, असे कोणी म्हणेल. परंतु पाणी, घरे आणि रस्ते यांचे प्रश्न शेवटी जागेच्याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि शहराच्या हाती उरलेली शेवटची जागा कशासाठी खर्चावी याचा हा वाद आहे. तेव्हा तो किरकोळ नाही.

या वादाचे एक वैशिष्ट्य प्रथमच लक्षात घेतले पाहिजे. टेकडीवर इमले उठवणाऱ्याविरुद्ध लोकमत जागे करणे सोपे असते, कारण त्याचा स्वार्थ सर्वांना दिसतो. परंतु जो म्हणतो, "मुलांना खेळायला जागा द्या," त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ धजत नाही. ती धजू नयेच. येथे दोन्ही बाजूंना सज्जन माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंची मागणी चांगली आहे. वाईटाला नाही म्हणण्यास धैर्य लागते. पण दोन चांगल्या गोष्टींत निवड करण्यास विचार लागतो. म्हणून आपल्याकडील जुन्या शास्त्रार्थाच्या पद्धतीने आधी पूर्वपक्ष मांडू, आणि तो शक्य तितका बळकट करून मांडू.

क्रीडांगण मागणाऱ्यांचे म्हणणे असे आहे. आज पुण्यासारख्या शहरातील मुले खेळतात कोठे? जिन्याखाली, वाहनतळात, दुचाकींच्या दोन रांगांमधल्या बोळात. चेंडू गाडीला लागला की चेंडू जप्त होतो आणि खेळ संपतो. विकास आराखड्याच्या नकाशावर क्रीडांगणाची आरक्षणे रंगवलेली असतात. पण नकाशावरचा रंग जमिनीवर उतरतोच असे नाही. त्या जागांवर कोठे अतिक्रमण होते, कोठे आरक्षण बदलते, कोठे नुसतेच कुंपण उभे राहते. अशा स्थितीत शेजारची टेकडी मोकळी दिसते. तिच्यावर पीक नाही, घर नाही. सकाळी काही मंडळी फिरायला जातात आणि दिवसभर ऊन पडते. तेथे चार मैदाने झाली तर कोणाचे काय बिघडले?

यावर ते आपल्याच इतिहासाचा दाखला देऊ शकतात. १९०६ साली येथे डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ साली तेथेच खो-खोचे नियम बांधले गेले. १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ निघाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. हे सारे घडले ते कोणी तरी जागा दिली म्हणून. खेळाला जागा देणे हे महाराष्ट्राने नेहमीच पुण्यकर्म मानले आहे.

परदेशाचाही एक दाखला त्यांच्या बाजूने आम्हीच देतो. लंडनच्या पूर्व भागात ली नदीच्या काठी हॅकनी मार्शेस नावाची विस्तीर्ण दलदलीची कुरणे होती. नदी फुगली की ती पाण्याखाली जात. एरवी वर्षातील ठराविक काळ आसपासच्या लोकांना तेथे गुरे चारण्याचा वहिवाटीचा हक्क असे. १८९० च्या दशकात लंडनच्या कौंटी कौन्सिलने ही कुरणे विकत घेऊन लोकांना खुली केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांत पडलेल्या घरांचा राडारोडा तेथे नेऊन टाकला, जमिनीची पातळी उंचावली, आणि युद्धानंतर तेथे सुमारे १२० फुटबॉल मैदाने आखली गेली. रविवारी सकाळी पूर्व लंडनमधील कामगारांचे संघामागून संघ तेथे उतरत. पडलेल्या घरांच्या विटांवर मुलांनी चेंडू खेळावा, यापेक्षा त्या ढिगाऱ्याचा अधिक चांगला उपयोग कोणता? निसर्गप्रेमी माणसालाही हे नाकारता येणार नाही.

हा झाला पूर्वपक्ष. तो दुबळा नाही, हे आपण पाहिलेच. मग उत्तरपक्ष कोठे उभा राहतो?

तो एका शब्दापासून सुरू होतो. तो शब्द 'रिकामी'. आपण मराठी माणसे मोकळी जागा आणि रिकामी जागा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण त्यांत अंतर आहे. मंदिराचा सभामंडप मोकळा असतो, म्हणून तो रिकामा आहे असे आपण म्हणत नाही. त्याचा मोकळेपणा हाच त्याचा उपयोग असतो. टेकडीच्या आणि माळाच्या बाबतीत मात्र ही जाण आपल्याला राहत नाही. याचे कारण शोधले तर ते जमीनमहसुलाच्या व्यवहारात सापडते. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती पडीक, ज्यावर पीक येत नाही ती ओसाड, हा वसुली करणाऱ्याचा हिशेब होता. तो हिशेब करणारे राज्य गेले. डोळा मात्र आपल्याकडेच राहिला.

त्या माळावर गुरे वळणाऱ्याने त्याला कधी ओसाड म्हटले नाही. त्याच्या भाषेत पवन्या, मारवेल, शेडा, कुसळ अशी गवतांना निरनिराळी नावे होती, कारण प्रत्येक गवताचा काळ आणि उपयोग त्याला ठाऊक होता. माळरान म्हणजे पूर्वी तोडलेल्या अरण्याचे अवशेष, अशी एक समजूत सुशिक्षितांत पसरलेली आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, चरित्रे आणि ओव्या चाळून त्यांत कोणकोणत्या रानझाडांची नावे येतात ते पाहिले. त्यांतील बरीचशी झाडे उघड्या, गवताळ रानात वाढणारी निघाली. पश्चिम महाराष्ट्रातील माळ निदान साडेसातशे वर्षे तरी माळच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे जे रान आपण बिघडलेले समजतो, ते आपल्या संतांनी आणि दळण दळणाऱ्या बायांनी पाहिलेले मूळचे रान आहे.

या अज्ञानाचा फटका केवळ क्रीडांगणवाल्यांकडूनच बसतो असेही नाही. वृक्षप्रेमी मंडळींनीही तेच केले. पुण्याच्या टेकड्या 'हिरव्या' करण्यासाठी पूर्वी तेथे मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प फार मोठ्या प्रमाणावर लावले गेले. हेतू उत्तम होता. पण त्या दाट झाडीखाली गवत राहिले नाही, आणि गवतावर जगणारे चंडोल आणि लावे यांची जागाही गेली. त्यांनीही जागा रिकामी आहे असेच धरले होते. कायद्याचीही तीच तऱ्हा. शहरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी आपल्याकडे १९७५ चा अधिनियम आहे. झाड तोडायचे तर परवानगी घ्यावी लागते. परंतु दहा एकर गवत यंत्राने खरवडून काढले तर त्या कायद्याखाली एकही झाड पडलेले नसते. म्हणून ज्या टेकडीवर झाड नाही ती सर्वांत आधी जाते.

आता टेकडी करते काय, ते पाहू. आपल्या टेकड्या काळ्या कातळाच्या थरांच्या आहेत. कातळ पाणी पीत नाही. पाणी मुरते ते त्यावरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. त्या मुरमावर वीतभर मातीचा थर असतो आणि ती माती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. पावसाचे पाणी गवताच्या पात्यांवरून उतरते, मुळांशी रेंगाळते, काही मुरते आणि उरलेले सावकाश ओढ्याला मिळते. हिशेब सोपा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी झाले. मोठ्या पावसात एका दिवसात दहा सेंटिमीटर पडले तर दहा लाख लिटर. हे पाणी सावकाश जायचे की एकदम जायचे, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर वरच्या वीतभर थरावर अवलंबून आहे.

पुणेकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. तळजाईच्या पायथ्याच्या अरण्येश्वर भागात घरांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या, माणसे दगावली. त्या रात्रीचा पाऊस विलक्षण होता आणि ओढ्याचे पात्र आवळले गेले होते, हे खरेच. त्या पुराचा दोष कोणा क्रीडांगणावर टाकण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या ओढ्याचे पात्र खाली आवळलेले आहे, त्याच्या वरच्या टेकडीचे पाणी धरून ठेवण्याचे सामर्थ्य कमी करावे की वाढवावे, याचे उत्तर त्या रात्रीने देऊन ठेवले आहे.

याउलट मैदानाला काय लागते? मैदानाला प्रथम सपाटी लागते. क्रिकेटचे मैदान सत्तर मीटर त्रिज्येचे धरले तर त्याला सुमारे दीड हेक्टर जागा हवी. उतार दहास एक असा सौम्य धरला तरी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौदा मीटरांचा फरक पडतो. म्हणजे वरच्या बाजूस सात मीटर खोल कापायचे आणि खालच्या बाजूस सात मीटर भर घालायची. हे काम साधारण बावीस ते तेवीस हजार घनमीटर दगडमातीचे होते. एका मालमोटारीत दहा घनमीटर बसतात असे धरल्यास सव्वादोन हजारांहून अधिक खेपा झाल्या. एवढे केल्यावर त्या उतारावरचा मुरूम, माती आणि भेगा यांचा जुना संबंध तुटतो. उद्या खेळ बंद पडला, तरी ती टेकडी परत येत नाही. घर पाडून मैदान करता येते. मैदान मोडून टेकडी करता येत नाही.

कोणी म्हणेल, उतार सोडा, माथ्यावरचे पठार तर सपाटच आहे. तळजाईसारख्या ठिकाणी हा मुद्दा हटकून निघतो. २०२१ साली तेथील महापालिकेच्या विकासयोजनेवरून पुण्यात पुष्कळ वादही झाला. पठार सपाट आहे, मान्य. पण पाणी थांबून मुरण्याची जागाही तीच आहे. मैदान म्हटले की त्यावर रोलर फिरणार, आणि रोलरचे कामच मुळी जमीन दाबून टणक करण्याचे आहे. शिवाय मैदान एकटे कधी येत नाही. त्याच्या मागोमाग प्रेक्षागार येते, कपडे बदलण्याच्या खोल्या येतात, रात्रीच्या सामन्यांसाठी प्रखर दिवे येतात, मोटारींसाठी वाहनतळ येतो आणि वाहनतळापर्यंत जाणारा रस्ता येतो. रस्ता एकदा माथ्यावर पोहोचला की त्याच्यावरून पुढे काय काय वर चढते, ते सांगायला ज्योतिषी नको. हिरवळ राखण्यास उन्हाळ्यात पाणी लागते, तेही ज्या महिन्यांत खाली टँकर धावत असतात त्याच महिन्यांत. आणि पाणी वाचवण्यासाठी कृत्रिम हिरवळ घातली तर भर उन्हात तिचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो. तेथे अनवाणी पोराने पाऊल ठेवावे कसे?

येथे हॅकनीची गोष्ट पुरी केली पाहिजे, कारण ती अर्धीच सांगितली तर फसवी ठरते. हॅकनीची जागा नदीकाठची, मुळातच सपाट होती. शिवाय त्याच ली नदीवर, थोडे वरच्या अंगाला, वॉल्थमस्टो मार्शेस नावाची तशीच कुरणे आहेत. १९७९ च्या सुमारास तेथे खडी उपसण्याचा बेत निघाला, तेव्हा लोकांनी चळवळ करून तो हाणून पाडला, आणि १९८५ साली त्या कुरणांना शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण मिळाले. एका कुरणावर चेंडू खेळला जातो, दुसऱ्या कुरणात दुर्मिळ पाणवनस्पती वाढतात, आणि लंडनकरांना दोन्ही हवी आहेत. हॅकनीचे मैदान झाल्यावर वॉल्थमस्टोची किंमत वाढली. आपल्याकडे शेजारच्या शेजारी अशी दुसरी टेकडी शिल्लक आहे काय, हे विचारल्यावाचून पहिली खर्च करू नये.

दुसरा मुद्दा मालकीचा. मुलांच्या नावाने घेतलेली जागा शेवटी मुलांना मिळते काय? मुंबईचा जुना अनुभव बोलका आहे. १८८० च्या सुमारास एस्प्लनेडच्या मैदानावर एतद्देशीय मुले आणि तरुण क्रिकेट खेळत, आणि त्याच जमिनीवर मूठभर युरोपियन पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी मैदान उखडले जाई. मग अर्जविनंत्या झाल्या, हुकूम निघाले आणि फिरवले गेले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली या झगड्यावर पुस्तकच लिहिले. खेळ दोन्हीही होते; प्रश्न कोणाचा खेळ, हा होता. अलीकडचे उदाहरण नवी मुंबईचे. तेथे रोहित पक्षी उतरतात अशा पाणथळीवर गोल्फचे मैदान करण्याचा बेत होता. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्ध निर्णय दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. गोल्फ हा खेळच आहे, यात शंका नाही. परंतु ज्या मुलाचा चेंडू वाहनतळात जप्त झाला, तो मुलगा गोल्फ खेळणारा नव्हता. 'क्रीडांगण' हा शब्द इतका गोड आहे की त्याच्या आडून काय चालले आहे ते नीट पाहावेच लागते.

मग मुलांनी खेळायचे कोठे? याचे उत्तर न देता टेकडीची बाजू मांडणे हा मुलांवर अन्याय होईल. आमचे उत्तर असे की, शहरात आजच सपाट असलेल्या, आजच दाबलेल्या आणि आजच बंद पडलेल्या जागा आधी मोजा.

पहिली जागा शाळेची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले आहे. जेथे ते आहे तेथे संध्याकाळी आणि सुटीत त्याला कुलूप असते. एप्रिल-मे महिन्यांत, मुलांना सर्वांत जास्त वेळ असतो तेव्हा, शहरातील शाळांची पटांगणे निर्मनुष्य असतात. रखवालदार, पाणी आणि काही मोडतोड झाली तर तिची भरपाई, एवढी जबाबदारी महापालिकेने घेतली तर कुलूप काढायला अडचण ती कोणती? दुसरी जागा आरक्षणांची. ज्या आरक्षणावर अतिक्रमण झाले ते सोडून टेकडीकडे बोट दाखवणे म्हणजे घरातील हरवलेली वस्तू शेजाऱ्याच्या घरातून भरून काढण्यासारखे आहे.

तिसरा विचार खेळांचा. कबड्डीचे पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. खो-खोचे सत्तावीस बाय सोळा, म्हणजे ४३२ चौरस मीटर. वर सांगितलेल्या एका क्रिकेट मैदानाच्या क्षेत्रफळात कबड्डीची शंभरांवर मैदाने मावतात. कुस्तीच्या हौद्याला तर एका मोठ्या खोलीएवढी जागा पुरते. आपल्या पूर्वजांनी जे खेळ घडवले ते गावच्या चावडीपुढे आणि देवळाच्या आवारात मावणारे होते. क्रिकेटवर आमचा राग नाही. परंतु प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक वसाहतीत कबड्डी-खो-खोचे एकेक मैदान करणे, हे गावाबाहेर एक भव्य संकुल उभारण्यापेक्षा अधिक मुलांच्या पायांखाली जागा देईल. पायी जाता येते तेच मुलाचे मैदान. मोटारीने न्यावे लागते ते पालकांचे.

आणि टेकडी जशी आहे तशी ती क्रीडांगणच आहे, हे आपण विसरतो. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती, तळजाई येथे रोज पहाटे किती माणसे चढतात! धावणाऱ्याला चढासारखा गुरू नाही. या खेळाला तिकीट नाही, गणवेश नाही, वयाची अट नाही. सत्तरीचे आजोबा आणि सात वर्षांची नात एकाच वेळी जेथे व्यायाम करतात, अशी दुसरी जागा शहरात दाखवा.

एवढ्यावरून कोणतीही नैसर्गिक जागा कधीच खेळाला देऊ नये, असा नियम आम्ही करत नाही. जुन्या खाणीचा सपाट तळ असेल, पूर्वीच भराव टाकून मारलेली जागा असेल, तर तेथे जरूर मैदान करावे. तेथे निसर्गाची जी हानी व्हायची ती होऊन गेलेली आहे. प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारावेत, एवढेच आमचे म्हणणे. पहिला, त्या जागेची पाहणी पावसाळ्यात झाली आहे काय? वैशाखात माळ पाहून 'येथे काही नाही' असा शेरा मारणे म्हणजे झोपलेल्या माणसाला पाहून तो मुका आहे असे ठरवणे. गवत, फुले, पाण्याच्या वाटा हे सारे आषाढ ते आश्विन या काळात दिसते. दुसरा, आधीच सपाट असलेल्या जागांची यादी संपली काय? ती यादी प्रसिद्ध करावी आणि मगच टेकडीकडे वळावे. तिसरा, त्या मैदानाच्या कुलपाची किल्ली कोणाच्या हाती राहणार? या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाले तर टेकडीप्रेमींनी हट्ट सोडावा. न मिळाले तर क्रीडाप्रेमींनी सोडावा.

पुण्यापुरते बोलायचे तर, १९९७ साली शहरात आलेल्या गावांपैकी तेवीस गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर जागा जैववैविध्य उद्यानासाठी राखण्याच्या निर्णयाला राज्यशासनाने २०१५ साली मंजुरी दिली. ते आरक्षण नागरिकांनी वर्षानुवर्षे नेट धरल्यामुळे झाले. परंतु आरक्षण हा कागद आहे, आणि त्या कागदावर निरनिराळ्या चांगल्या शब्दांनी भोके पाडता येतात. आज क्रीडांगण, उद्या ध्यानकेंद्र, परवा संग्रहालय. प्रत्येक वस्तू चांगलीच. आणि सगळ्या मिळून टेकडी नाहीशी.

म्हणून शेवटी श्रोत्यांना एकच विनंती. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा क्रीडाप्रेमी एक अर्ज करतात आणि निसर्गप्रेमी त्याच्या उलट दुसरा अर्ज करतात. अधिकाऱ्याला ते सोयीचे असते. दोन्ही बाजूला ठेवून त्याला हवे ते करता येते. त्याऐवजी दोघांनी मिळून एक अर्ज करावा. त्यात आपल्या प्रभागातील कुलूपबंद शाळांची पटांगणे, अडकलेली आरक्षणे आणि पडून असलेल्या सपाट जागा यांची यादी जोडावी. तालमीतले वस्ताद, शाळेतले क्रीडाशिक्षक आणि टेकडीवर पक्षी पाहायला जाणारी मंडळी एका सतरंजीवर बसली, तर ही यादी एका आठवड्यात तयार होईल. मुलाला मैदान मिळावे आणि ते मैदान सोडून तो टेकडीवर गेला तर त्याला तेथे टेकडीच भेटावी, या दोन्ही गोष्टी एकाच शहराला करता येण्याजोग्या आहेत. त्या करण्याची वेळ मात्र फार उरलेली नाही.